कंदील कोणाचा? गेमसारख्या दिसणाऱ्या वस्तू आणि एका दुकानाला आलेली नोटीस

पार्श्वभूमी

दुकान बहीण-भावाचं. ताई चित्रं काढते. माल बनवून घेणं, लिस्टिंग लिहिणं, पार्सलं, हिशेब हे सगळं भावाकडे. दुकान एका मोठ्या अमेरिकी ऑनलाइन बाजारपेठेवर चालतं आणि गिऱ्हाईक जगभर पसरलेलं आहे. स्टिकर, इनॅमल पिन, पोस्टर, टी-शर्ट असा माल, बहुतेक पिक्सेल आर्टमधला. बराचसा ताईच्या स्वतःच्या डोक्यातला, काही मात्र ती त्या-त्या वेळी खेळत असलेल्या गेमच्या नादात काढलेला.

अशाच एका गेमवरून हे प्रकरण उभं राहिलं. गेम एका छोट्या स्टुडिओचा, पण चाहते भरपूर. नायक म्हणजे एक शिंग मोडलेला, पानाची शाल पांघरलेला बुटका जीव. हातात कंदील, आणि त्या कंदिलाची कडी पतंगाच्या पंखांची. रात्रीच्या जंगलात, माणसाच्या उंचीच्या अळंब्यांमधून तो वाट काढत जातो. (मी या दोघांना सल्ला देत होतो. ओळख पटू नये म्हणून गेमचे आणि वस्तूंचे तपशील मी बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने आणि ज्या कारणांनी झाले, ते तसेच ठेवले आहेत.)

ताईने या गेमच्या छायेत आठ वस्तू केल्या होत्या. पिक्सेलमधल्या हृदयांच्या ओळीचा स्टिकर, रंगीत औषधांच्या बाटल्यांचा स्टिकर, खजिन्याच्या पेटीची पिन, नायकाचा स्टिकर (शाल हिरवीऐवजी निळी), पतंगाच्या पंखांच्या कंदिलाची पिन, अळंब्यांच्या जंगलाचं पोस्टर, गेममधल्या पहिल्या प्रदेशाचा जुन्या कागदावर काढल्यासारखा नकाशा, आणि गेमचं नाव त्याच्याच लोगोच्या वळणात छापलेला टी-शर्ट.

अडचण

एका सकाळी बाजारपेठेकडून दोन मेल आले. पहिल्यात सात लिस्टिंग कॉपीराइटच्या तक्रारीवरून उतरवल्याचं कळवलं होतं. दुसऱ्यात टी-शर्ट ट्रेडमार्कच्या तक्रारीवरून. तक्रार स्टुडिओने स्वतः केलेली नव्हती, त्याच्या वतीने इंटरनेटवर नक्कल शोधत फिरणाऱ्या एका एजन्सीने केली होती. मेलच्या शेवटी एक ओळ होती, ज्यामुळे दोघांची झोप उडाली: वारंवार तक्रारी आल्या तर दुकान कायमचं बंद होऊ शकतं. ही धमकी पोकळ नसते. विक्रेत्याच्या उल्लंघनाची जबाबदारी आपल्यावर येऊ नये म्हणून अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याचं संरक्षण हवं असेल, तर बाजारपेठेला पुन्हा पुन्हा उल्लंघन करणाऱ्यांची खाती बंद करण्याचं धोरण ठेवावंच लागतं.

भावाने तासाभरात उत्तर लिहून काढलं. आम्ही गेमचे चाहते आहोत, चित्रं फक्त प्रेरित आहेत, प्रत्येकात निदान तीस टक्के बदल केला आहे, आमचा हेतू वाईट नव्हता. ताईचं म्हणणं उलटं होतं: "सगळं हाताने काढलंय मी. एक रेघही ट्रेस केलेली नाही. मग माफी कसली मागायची?"

पहिला निर्णय इथेच होता आणि तो त्यांनी बरोबर घेतला. उत्तर पाठवलं नाही. त्या मेलमध्ये नम्रतेच्या भरात दोन गोष्टी लेखी कबूल होत होत्या: गेम आमच्यासमोर होता, आणि त्यावरून आम्ही काढलं. कॉपीराइटच्या वादात समोरच्याला आधी नेमकं हेच सिद्ध करावं लागतं. तीस टक्क्यांचा नियम तर कुठल्याच देशाच्या कायद्यात नाही. काय बदललं याची मोजणी कोर्ट करत नाही, काय घेतलं ते पाहतं. अमेरिकी न्यायाधीश लर्नेड हँड यांनी १९३६ मध्येच सांगून ठेवलं आहे की आपण किती चोरलं नाही हे दाखवून चोरी माफ होत नाही. तरीही हा आकडा विक्रेत्यांच्या गटांमध्ये वर्षानुवर्षं फिरतो आहे, कधी वीस टक्के होऊन, कधी तीस.

कायदा नेमकं काय पाहतो

दोघांचा प्रश्न होता, "सारखं दिसणं हा गुन्हा आहे का?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण सारखेपणा कशातला आहे यावर सगळं अवलंबून असतं. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारातलं कलम ९(२) सांगतं की कॉपीराइट अभिव्यक्तीला मिळतो, कल्पनेला, कार्यपद्धतीला मिळत नाही. बहुतेक सगळे देश या कराराने बांधलेले आहेत. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ मध्ये हीच रेघ ओढली. अडचण इतकीच की ही रेघ कुठल्याही वस्तूवर आखून आलेली नसते. प्रत्येक चित्रात ती शोधावी लागते.

ती कशी शोधतात हे व्हिडिओ गेमच्याच जुन्या खटल्यांवरून चांगलं कळतं. चक्रव्यूहात ठिपके खात फिरणाऱ्या गोल गड्याचा पॅक-मॅन हा गेम १९८० मध्ये आला. त्यानंतर फिलिप्सच्या अमेरिकी कंपनीने घरी गेम खेळायच्या आपल्या ओडिसी यंत्रासाठी 'के. सी. मंचकिन' नावाचा गेम काढला. त्यात बदल बरेच होते. ठिपके जागचे हलायचे, चक्रव्यूहाच्या भिंतींची रचना वेगळी होती. १९८२ मध्ये अपील न्यायालयाने चक्रव्यूह, ठिपके, गुण मोजण्याची पद्धत बाजूला काढली, कारण तसल्या गेमला ते लागणारच. पण खाणारा गोल गडी आणि त्याच्या मागे लागणारी भुतं, त्यांचं रूप आणि वागणं, हे घेतलेलं होतं, आणि तेवढ्यावर निकाल मंचकिनच्या विरोधात गेला. या खटल्यातली आणखी एक गोष्ट आमच्या प्रकरणाला थेट लागू पडते. काही दुकानांतले विक्रेते हा गेम 'ओडिसीचा पॅक-मॅन' म्हणून गिऱ्हाइकाला सांगत होते, आणि तेही कोर्टासमोर आलं. याकडे पुढे परत यावं लागेल.

याच्या उलट १९८८ चा कराटेच्या दोन गेमचा खटला. पांढरे आणि लाल पोशाख, पंच, नमस्कार, ठरावीक फटके. दोन्हीकडे सारखं, पण ते कराटेचंच आहे, एका कंपनीचं नव्हे, असं अपील न्यायालयाने म्हटलं आणि खालचा निकाल फिरवला.

या दोघांच्या मध्ये २०१२ चा, वरून पडणारे तुकडे रचायच्या टेट्रिस या गेमचा खटला. 'मिनो' नावाचा गेम करणाऱ्यांनी आधी कायदा तपासला होता. नियम कोणाच्या मालकीचे नसतात, म्हणून आपण फक्त नियम घेतले, असं त्यांचं म्हणणं होतं. कोर्टाने नियमांबद्दलचं मान्य केलं. पण तुकड्यांचं रूप आणि रंगसंगती, वीस बाय दहा चौकटींचा पट, तुकडा कुठे पडेल हे दाखवणारी सावली, हे सगळं वेगळ्या तऱ्हेने दाखवता आलं असतं आणि तरी जसंच्या तसं उचललं होतं. मिनो हरला. कायदा वाचून नक्कल करणारा माणूसही रेघेच्या चुकीच्या बाजूला जाऊन पडू शकतो, म्हणून हा खटला मी प्रत्येक विक्रेत्याला सांगतो.

हे सगळे खटले गेम विरुद्ध गेम असे आहेत. आपला प्रश्न वस्तूंचा. त्यासाठी २०१५ चा बॅटमोबाइलचा निकाल उपयोगी आहे. एक जण बॅटमॅनच्या गाडीच्या प्रतिकृती बनवून विकत होता. गाडी हीसुद्धा एक पात्र ठरू शकते, असं कोर्टाने धरलं. त्यासाठी तीन गोष्टी पाहिल्या: तिला रूप आणि गुण दोन्ही आहेत का, ती जिथे दिसेल तिथे ओळखू येण्याइतकी ठाशीव आहे का, आणि तिच्यात काही खास वेगळेपण आहे का. म्हणजे 'आम्ही पात्र कुठे घेतलं, त्याच्या हातातली वस्तू घेतली' हे उत्तर नेहमी चालेलच असं नाही. कंदिलाच्या पिनेचा विचार करताना हाच निकाल माझ्या डोळ्यांसमोर होता.

मध्येच भावाला एक पळवाट सापडली. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १५ त्याने कुठेतरी वाचलं: डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी, पण न नोंदवलेली रचना पन्नासहून जास्त वेळा यंत्राने उत्पादन झालेल्या वस्तूवर वापरली की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. मग स्टुडिओने स्वतः हजारो बाहुल्या विकल्यात, म्हणजे त्यांचा हक्क संपला! युक्तिवाद हुशार होता, पण टिकणारा नव्हता. ते कलम वस्तूच्या डिझाइनला लागतं, मुळात चित्र म्हणून जन्मलेल्या कलाकृतीला सरसकट लागत नाही. या दोहोंतली सीमा कशी आखायची यावर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला क्रायोगॅसच्या खटल्यात स्वतंत्र कसोटी सांगावी लागली, इतका तो गुंता आहे. शिवाय तक्रार अमेरिकी बाजारपेठेवर अमेरिकी कायद्याखाली झालेली. तिथे तर १९५४ पासूनच, दिव्याच्या बैठकीच्या पुतळ्यांच्या खटल्यात, हे ठरलं आहे की उपयोगाच्या वस्तूत बसवली म्हणून कलाकृती आपलं संरक्षण गमावत नाही. ब्रिटनमध्येही कारखान्यात बनणाऱ्या वस्तूंवरच्या कलेचं संरक्षण लवकर संपवणारं कलम २०१६ मध्ये रद्द झालं.

समोरचे पर्याय

सगळं मुकाट्याने सोडून देणं हा सर्वांत सोपा पर्याय. पण हृदयं, बाटल्या आणि पेटी हा दुकानाचा नेहमी खपणारा माल होता, आणि तो गेमचा नव्हताच. शिवाय न लढलेली तक्रार खात्यावर नोंद म्हणून राहते.

सातही लिस्टिंगवर काउंटर-नोटीस, म्हणजे लिस्टिंग परत लावा अशी औपचारिक मागणी, देणं हा ताईचा कौल. यात धोका मोठा होता. काउंटर-नोटीस म्हणजे तक्रारीला दिलेलं साधं उत्तर नव्हे. लिस्टिंग चुकून किंवा गैरसमजाने उतरवली गेली अशी आपली प्रामाणिक खात्री आहे, हे शपथेवर लिहावं लागतं, जाणूनबुजून खोटं लिहिलं तर खोट्या साक्षीचा दोष लागतो. परदेशात राहणाऱ्यालाही अमेरिकी कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य करावं लागतं. ती मिळाल्यावर तक्रारदाराने दावा लावला नाही, तर बाजारपेठेने १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत लिस्टिंग परत लावायची असते. दावा लावलाच तर? वेळेत नोंदणी झालेल्या कलाकृतीसाठी तिथला कायदा नुकसान सिद्ध न करताही प्रत्येक कलाकृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई देऊ शकतो. निळ्या शालीच्या नायकासाठी अशी शपथ घ्यायची कोणी?

स्टुडिओकडे परवाना मागणं हा तिसरा मार्ग. पुष्कळ छोटे स्टुडिओ चाहत्यांच्या मालासाठी नियम जाहीर करतात. कोणी हाताने बनवलेल्या थोड्या वस्तूंना मुभा देतो, कोणी लोगो सोडून बाकी चालवून घेतो. या गेमचे असे नियम होते का, हे दोघांनी माल काढण्याआधी पाहिलंच नव्हतं. आता तक्रारीनंतर मागायला जाणं म्हणजे वाटाघाटीत आधीच एक पाऊल मागे.

चौथा पर्याय कंटाळवाणा आणि वेळखाऊ: आठ वस्तू आठ प्रकरणं समजून वेगवेगळ्या सोडवायच्या. तो निवडला.

काय केलं

प्रत्येक वस्तूपुढे दोन प्रश्न ठेवले. यातलं काय कोणालाही वापरता येण्यासारखं आहे आणि काय त्याच गेमचं म्हणून ओळखू येतं? आणि हे आपण स्वतंत्रपणे केलं हे दाखवायला, किंवा उलट सिद्ध करायला, कोणता कागद अस्तित्वात आहे? दुसरा प्रश्न पहिल्याहून जास्त निर्णायक ठरला.

हृदयं, बाटल्या, पेटी यांना फार वेळ लागला नाही. पिक्सेलमधलं लाल हृदय, बुचाची गोल बाटली, पट्ट्यांची लाकडी पेटी गेमच्या जगात दशकांपासून सगळ्यांच्या वापरात आहेत. ताईच्या फाइलींमध्ये तारखांसकट सगळे कच्चे टप्पे होते आणि गेमच्या चित्रांशी पिक्सेल जुळत नव्हते. मग या लिस्टिंग तक्रारीत आल्याच कशा? उत्तर लिस्टिंगमध्येच होतं. भावाने तिन्हींच्या शीर्षकात आणि टॅगमध्ये (शोधात सापडावं म्हणून जोडायचे शब्द) गेमचं नाव घातलं होतं. त्या नावाने शोधणारं गिऱ्हाईक यावं म्हणून. त्याच नावाने शोधणारी एजन्सी आली. चित्र कोणी पाहिलंच नसावं.

टॅगचं हे प्रकरण मला चित्रांहून गंभीर वाटतं. साध्या बाटलीवर गेमचं नाव चिकटवलं की तीन गोष्टी एका दमात होतात. ती बाटली त्या गेमची आहे असं विक्रेता स्वतः म्हणतो. गेम आपल्याला माहीत होता हे तो लेखी देतो. आणि ट्रेडमार्कचा वेगळा प्रश्न ओढवून घेतो. 'ओडिसीचा पॅक-मॅन' म्हणणाऱ्या विक्रेत्यांनी जे तोंडाने केलं, ते इथे शीर्षकात, जगाला वाचता येईल असं, करून ठेवलं होतं.

टी-शर्टाबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं. लोगोच्या वळणातलं नाव हा ट्रेडमार्कचा विषय. कॉपीराइटची काउंटर-नोटीस त्याला लागू होत नाही, कारण ती सोय फक्त कॉपीराइटच्या तक्रारींसाठी आहे. हे दोघांना माहीत नव्हतं आणि पुष्कळांना नसतं. लिस्टिंग सोडून दिली.

नायकाचा स्टिकर. शाल निळी असली तरी मोडकं शिंग, बुटका बांधा, पान पांघरण्याची ढब, कंदील धरायचा हात, सगळं त्याचंच. ट्रेस केलं नाही हे खरं, पण कॉपीराइटला ट्रेसिंग लागत नाही. बघून किंवा आठवून काढलेलंही नक्कल ठरू शकतं. ताईला हे पटायला वेळ लागला. तिच्या मनात 'हाताने काढणं' आणि 'स्वतःचं असणं' एकच होतं.

नकाशावर त्याहून जास्त चर्चा झाली, आणि ती व्हायला हवीच होती. तो ताईने जवळपास शून्यातून काढला होता. गेममध्ये असा नकाशा दिसतच नाही. खेळाडू फिरत जातो तसतसे तुकडे उलगडतात. ते सगळे तुकडे मनात जोडून, जुन्या कागदाच्या शैलीत, डोंगर-नद्यांच्या खुणांसकट तिने एक पान केलं होतं. यात तिची कला होती, याबद्दल शंका नाही. पण कुठली गुहा कुठल्या ओढ्याच्या कोणत्या वळणावर, पूल कुठे, मंदिर कुठे, ही मांडणी गेमच्या लेखकांची निर्मिती होती. एखादी कलाकृती नव्या रूपात आणणं म्हणजे रूपांतर, आणि कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या कलम १२ नुसार रूपांतराला परवानगी देण्याचा हक्क मूळ लेखकाचा. ताईच्या रेघा ताईच्या, पण त्या उभ्या होत्या दुसऱ्याच्या भूमीवर. नकाशा मागे घेतला. दुकानातलं सर्वांत सुंदर काम ते होतं, असं माझं मत आहे आणि ते मी तिला सांगितलंही.

कंदिलावर मात्र मी स्वतः बराच काळ लढायच्या बाजूने होतो. कंदील हा कंदील. पंखांची कडी ही जुन्या सजावटीच्या वस्तूंमध्येही सापडणारी कल्पना. ताईची पिन गेममधल्या चित्रापेक्षा लांबट होती, काचेचे भाग वेगळे होते. बॅटमोबाइलची कसोटी लावली तरी एका गेममधला कंदील तितका ठाशीव आहे का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता आलं असतं. काउंटर-नोटिशीचा मसुदाही तयार होता.

मग भावाने पिना बनवणाऱ्या कारखान्याबरोबरचा पत्रव्यवहार काढून दिला. पहिल्याच मेलला गेमचा स्क्रीनशॉट जोडला होता. खाली ओळ: असाच हवा, फक्त थोडा लांब करा.

यानंतर मसुद्याला अर्थ उरला नाही. दावा झाला असता तर हा मेल समोर आलाच असता. चित्रांचा सारखेपणा वादाचा ठरू शकतो, पण 'असाच हवा' या दोन शब्दांनंतर स्वतंत्र निर्मितीचा बचाव उभा राहत नाही. शपथेवर सही करणं तर बाजूलाच. वकिलाने कागद वाचून हेच सांगितलं, फार लवकर.

उरलं जंगलाचं पोस्टर. रात्र, निळसर प्रकाश, अळंब्या, धुकं. वातावरण गेमसारखं, पण वातावरण आणि शैली कोणाची मालमत्ता नसते. ताईच्या जुन्या वहीत अळंब्यांची एक मालिका होती, गेम यायच्या आधीची, तारखांसकट. फक्त पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात एक इवलीशी आकृती होती: शाल, एक शिंग, उजेडाचा ठिपका. नखाएवढी. ताईच्या मते ती गेमला केलेला सलाम होती. कायद्याच्या नजरेत ती त्या पोस्टरमधली एकमेव घेतलेली गोष्ट होती, आणि चाहत्यांची नजर नेमकी तिच्यावरच जाऊन पोस्टर विकलं जात होतं. काउंटर-नोटीस न देता आकृती काढून, कोपऱ्यातली झाडं पुन्हा रंगवून ते नवीन लिस्टिंग म्हणून लावायचं ठरलं.

शेवटी दोन कागद गेले. बाजारपेठेला हृदयं, बाटल्या आणि पेटी यांच्यापुरती काउंटर-नोटीस. त्याआधी दुकानाच्या सगळ्या लिस्टिंगमधून गेमचं नाव पुसलं. आणि स्टुडिओला एक छोटं पत्र: बाकीच्या वस्तू आम्ही मागे घेतल्या आहेत, पुन्हा बनवणार नाही, पिनांचा इतका साठा हातात आहे, त्याचं काय करावं असं आपलं म्हणणं आहे, आणि चाहत्यांच्या मालासाठी आपले काही नियम आहेत का. त्या पत्रात चूक झाली असंही लिहिलं नाही आणि चूक झाली नाही असंही नाही. असं पत्र लिहिणं दिसतं त्याहून अवघड असतं. दुसऱ्या मसुद्यात भावाने 'आम्ही खूप दिलगीर आहोत' घुसवलं होतं, ते काढावं लागलं.

निकाल

काउंटर-नोटिशीला तक्रारदाराकडून उत्तर आलं नाही आणि मुदत संपल्यावर तिन्ही लिस्टिंग परत आल्या. विक्री मात्र आधीपेक्षा घटली. टॅग गेले, त्यांच्याबरोबर त्या नावाने येणारं गिऱ्हाईकही गेलं. पेटीची पिन काही महिन्यांनी सावरली. बाटल्यांचा स्टिकर सावरला नाही.

स्टुडिओचं उत्तर आलं, आणि ते अपेक्षेपेक्षा सौम्य होतं. चाहत्यांनी हाताने बनवलेल्या, मोजक्या, समोरासमोर विकलेल्या वस्तूंना त्यांची हरकत नव्हती. कारखान्यात बनवून जगभर पाठवल्या जाणाऱ्या वस्तूंना होती. झालेल्या विक्रीतला वाटा त्यांनी मागितला नाही. पिनांचा साठा नष्ट करून फोटो पाठवायला सांगितलं, तो पाठवला. नकाशाबद्दल मात्र एक ओळ वेगळी होती: चित्र आवडलं, परवान्याचा विचार पुढे करता येईल. ते पुढे काही झालं नाही.

आकृती काढलेलं जंगलाचं पोस्टर आजही विकलं जातं. कोणी तक्रार केलेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

परवान्याची विचारणा सुरुवातीलाच झाली असती, तर नकाशाचं नशीब वेगळं असण्याची शक्यता होती. स्टुडिओला तो आवडला होता. तक्रारीच्या सावलीत आलेल्या माणसाशी धंदा करण्याआधी कोणीही दोनदा विचार करतो.

कारखान्याला पाठवायच्या संदर्भचित्रांचा प्रश्न याहून कठीण आहे. स्क्रीनशॉट पाठवू नका, असा सल्ला सहज देता येतो, पण त्यातून लपवाछपवी शिकवल्यासारखं होतं. स्क्रीनशॉट पाठवावासा वाटला, म्हणजे मनात नक्कलच होती. पाठवला नसता तरी पिन तीच झाली असती. उपयोगी सवय इतकीच की कारखान्याला फक्त स्वतःचं पूर्ण झालेलं रेखाचित्र जावं. ते पुरेसं नाही आणि खाली 'असाच हवा' लिहावं लागतंय असं वाटलं, तर ती वस्तू काढायचीच का, हा प्रश्न त्या क्षणी विचारावा.

पोस्टरच्या बाबतीत आम्ही जरा जास्तच घाबरलो, असं मला आज वाटतं. आकृती काढून टाकणं योग्यच होतं, पण बाकी पोस्टरसाठी काउंटर-नोटीस देण्याइतका पुरावा वहीत होता. ती न दिल्यामुळे खात्यावरची ती तक्रार न लढलेली म्हणून राहिली, आणि पुढे दुसऱ्या कोणाची तक्रार आली तर ती मोजली जाईल. वकिलाचं मत उलट आहे: आकृतीसकट उतरवलेल्या लिस्टिंगवर 'चुकून उतरवली' अशी शपथ घेता आली नसती. आकृती नखाएवढी असली तरी होती. या मुद्द्यावर आमचं अजून एकमत नाही.

आणि टॅग. नवीन वस्तू लावण्याआधी आता भाऊ शीर्षक आणि टॅग ताईला वाचायला देतो, ताई कच्ची चित्रं तारखेसकट एका फोल्डरमध्ये टाकते. हल्लीच त्याने एका ड्रॅगनच्या स्टिकरला दुसऱ्याच एका गाजलेल्या गेमचं नाव सुचवलं होतं. ड्रॅगन त्या गेमसारखा अजिबात नव्हता. "मग नाव कशाला?" असं ताईने विचारलं, आणि स्टिकर 'ड्रॅगन' म्हणूनच लागला.